उघड्या हातांची सुनावणी

चराई समितीत एक जागा तरुणांसाठी राखून ठेवा, असे कानिशाय पहिल्यांदा म्हणाली तेव्हा समितीतले पुरुष पोट धरधरून हसले. उच-बुलाक या डोंगरातल्या गावात कुरणांचा सगळा कारभार ही समिती बघते. कोणाची मेंढरे कधी डोंगरावर न्यायची, कोणत्या उतारावर गवत राखायचे, झऱ्यांच्या वरच्या अंगाला कोणाला तंबू ठोकू द्यायचा नाही, सगळे तीच ठरवते. अध्यक्ष ओमुरझाक यांनी डोळे पुसत विचारले, की शाळेतल्या पोरांना जीवशास्त्र शिकवून भागत नाही म्हणून आता मेंढ्यांना शिकवणार की काय. कानिशाय तेवीस वर्षांची होती आणि तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. त्या दिवशी मात्र तिने तो गिळला, कारण कोपऱ्यात तिचे वडील बसले होते आणि ते हसले नव्हते.

तुर्दुकुल आबा वयाने आणि मानाने गावात सगळ्यांत मोठे. कानिशाय त्यांचे शेंडेफळ. थोरल्या मुली लग्न होऊन दूर गेलेल्या, बायको वारलेली, घरात हे दोघेच. म्हाताऱ्याने आयुष्यात एक कागद वाचला नसेल, पण पोरगी कायद्याची प्रत मोठ्याने वाचायची तेव्हा चहाची वाटी हातात धरून ऐकत बसायचा आणि चहा थंड व्हायचा.

दोन वर्षे ती आणि तिच्याबरोबर शिकलेली चार पोरे या कामाच्या मागे लागली होती. गावाच्या वर तीन झरे आहेत, गावाचे नावच त्यांच्यावरून पडलेले. गुरे तिथे चिखल तुडवायची. पोरांनी सगळ्या गावाला बोलावून, मोठ्या कढईत पुलाव शिजवून, एका दिवसात झऱ्यांना कुंपण घातले. कुंपणाचे खांब बहुतेक त्या चौघांतल्या एकट्या मेदेरनेच रोवले असतील. बाकीचे एक खांब ठोकून पाणी प्यायला बसत, हा आपला घणावर घण घालत राही आणि मधूनच कानिशायकडे बघून हसे. गावाने ते बघितले होते. गाव काय, सगळेच बघते.

पोरांचे खरे भांडण होते ते सुनावणीवरून. कुरणाची जमीन कोणाला खोदायला द्यायची तर कायद्याने गावाची जाहीर सुनावणी घ्यावी लागते. मागे खडीच्या खाणीच्या वेळी ती कशी झाली? चार माणसे चहा प्यायली, आणि बाकीच्यांच्या सह्या घरोघरी फिरून गोळा केल्या. कोणी कशावर सही केली हे ज्याचे त्यालाही ठाऊक नव्हते. कानिशायचे म्हणणे एवढेच होते, की यापुढे सुनावणी भरसभेत व्हावी आणि सगळ्यांनी सगळ्यांदेखत हात वर करावा. लढून लढून ते मान्य झाले, तरुणांची जागाही झाली, आणि त्या जागेवर ती निवडून आली. त्या दिवशी तुर्दुकुल आबांनी पाचही पोरांना अंगणात उभे केले. सगळ्यांनी तळहात उघडून छातीसमोर धरले, आबांनी दुआ म्हटली, ओमीन म्हणून सगळ्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवले. ओमुरझाकनीसुद्धा फिरवले. आबांच्या दुआपुढे गावात कोणाची टाप नव्हती.

त्या दुआला एक काळी बाजू होती. ती गावात सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलत नसे. मेदेरचा बाप जूमार्त हा आबांचा जिवलग. मेदेर पाळण्यात असताना तो कळप घेऊन खिंडीपलीकडे निघाला, तेव्हा आबांनी त्याला रीतसर दुआ दिली. मग निघता निघता दोघांचे एका घोड्यावरून वाजले. जूमार्तने घोड्याला टाच मारली आणि आबा मागून ओरडले, जा, परत तोंड दाखवू नकोस. खिंडीत हिमकडा कोसळला. जूमार्त कळपासकट त्याखाली गेला आणि सापडलाच नाही. हिमकडे कोसळतातच, हे आबांना मुल्लाने सांगितले, डॉक्टरने सांगितले. ते मान डोलावून ऐकून घेत. मेदेरला त्यांनीच घोड्यावर बसायला शिकवले, त्यांनीच शाळेत घातले. पुढे कोणालाही दुआ दिली की ते माणूस वळणापलीकडे जाईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढत नसत.

एप्रिलमध्ये मेदेर पिशवी खांद्याला लावून दारात आला. नारीन शहरात त्याला काम मिळाले होते, गाडी रस्त्यावर उभी होती. आबा तापाने निजलेले. तो म्हणाला, राहू दे, उठवू नकोस. पण बोलतानाही तो उंबऱ्यावरून हलला नाही. कानिशायला वाटले, बिचारा दुआ न घेता जाणार, आणि तिने वडिलांना हलवून जागे केले. पाठीशी उशी दिली, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली.

"बाबा, मेदेर कामाला चाललाय. दुआ द्या ना त्याला."

"कसलं काम?" आबांनी तापल्या डोळ्यांनी विचारले.

मेदेर काही बोलायच्या आत तिनेच सांगून टाकले. "जमीन मोजायचं. चांगलं काम आहे."

आबांनी हात उघडले. तुझी वाट मोकळी होवो, हात घालशील ते काम तडीस जावो, डोंगर तुला सांभाळो. मेदेरने इतका वेळ चेहरा हातांत धरला की कानिशायला हसू आले. तिने पिठाचे तळलेले बोर्सोक फडक्यात बांधून त्याच्या पिशवीत कोंबले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत फाटकाशी उभी राहिली. त्या दिवशी तिला फार बरे वाटले होते. नंतर तिला सगळ्यांत जास्त तेच सलत राहिले.

उन्हाळा लागला आणि नोटीस आली. एका कंपनीला झऱ्यांच्या वरच्या कुरणात सोन्यासाठी भोके पाडून बघायची होती. जाहीर सुनावणी गावाच्या क्लबात, म्हणजे सभागृहात.

समितीच्या बैठकीत ओमुरझाक म्हणाले, की या खेपेला डबा ठेवू, ज्याने त्याने चिठ्ठी टाकावी, म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यांत वैर नको. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त कटकट नको असे. कानिशाय ताडकन उठली. डब्यात काय पडते आणि डब्यातून काय निघते हे आम्ही पाहिले आहे, ती म्हणाली, हात वरच करायचे, सगळ्यांसमोर. हे तिचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घेतले गेले. घरी येऊन तिने वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मीच आधी उठतो. मग बघू कोणाचा हात खाली राहतो ते."

हे खरेच होते. उच-बुलाकमध्ये सगळ्यांत मोठा माणूस बोलल्याशिवाय कोणी बोलत नाही, त्याने हात उचलल्याशिवाय कोणी उचलत नाही. पोरांनी महिनाभर दारोदार फिरून समजावले होते, पण त्यांचा सगळा भरवसा या एका हातावर होता.

सुनावणीच्या दिवशी सकाळी कंपनीची जीप गावात शिरली आणि आधी आबांच्या फाटकाशी थांबली. पिवळे जाकीट घातलेला मेदेर उतरला. कामाला लागल्यावर पहिल्यांदा गावी येणाऱ्याने आधी मोठ्यांना सलाम करायचा असतो, तो त्याने केला. आबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. मग त्यांची नजर जाकिटावरच्या अक्षरांवर गेली. त्यांना वाचता येत नव्हते, पण तीच अक्षरे जीपच्या दारावरही होती. त्यांनी हात सोडला नाही. तसाच धरून हळूच बाकावर बसले.

कानिशायने मेदेरला तबेल्याच्या आडोशाला नेले.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"एप्रिलमध्येच?"

"हो."

"आणि तरी माझ्याकडून त्यांना झोपेतून उठवून घेतलंस."

मेदेर जाकिटाची चेन वरखाली करत होता. "त्या डोंगरावर बाप आहे माझा. आबांच्या दुआशिवाय तिथं पाय ठेवायची छाती नव्हती, एजे." तो तिच्याहून काही महिन्यांनीच लहान होता आणि एरवी कधी तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत नसे. "दुसरं काम मिळेना. गावात बसून काय करू? आईकडे बघवत नाही."

"मग सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर दिली असती त्यांनी?"

तो जीपकडे गेला आणि ती वडिलांपाशी आली. आबा बाकावर तसेच बसले होते, रिकामी झालेली मूठ मांडीवर.

"मी आज बोलणार नाही," ते म्हणाले.

ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. झऱ्यांचे सांगितले, खालच्या शेतांचे सांगितले, सगळे गाव तुमच्या तोंडाकडे बघत बसणार आहे हे सांगितले. त्यांना यातले काही नवे नव्हते.

"पोरी, दिलेली दुआ मागं घेतली की तिचं काय होतं, ते मी तुला सांगू?"

"तो बर्फ होता, बाबा. बर्फ कोसळतो."

"कोसळतो. पण मी बोललो, मग कोसळला." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "काम तडीस जावो म्हणालोय मी त्याला. आता ते बुडो म्हणू? तो वर जाणार आहे. एकाला घालवलं. त्याच्या पोराला नाही घालवणार."

तिला रडू फुटले, आणि रडता रडताच एक वाट सुचली. आबा घरीच राहिले तर? म्हातारा आजारी आहे म्हटले की लोक आपापले मोकळे होतील. आबा लगेच कबूल झाले. तिने त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली, चहाची किटली जवळ ठेवली आणि ती धावतच क्लबात गेली.

पण माणसाचे नशीब फिरले की आपलीच माणसे आडवी येतात. सभा भरली, खुर्च्या संपून बाया भिंतीशी उभ्या राहिल्या, आणि सुरूच होईना. आबांशिवाय सुरू कशी करायची? कानिशाय म्हणाली त्यांना बरे नाही. लोक म्हणाले, थांबू. तिने ओमुरझाकना बाजूला घेऊन विचारले, अजून डबा ठेवता येईल का. त्यांनी तिच्याकडे चमकून बघितले आणि हात वर करायचे हे तूच लिहून घेतलेस, समितीने लावलेल्या नोटिशीवर छापले आहे, आता बदलले तर सुनावणीच रद्द होईल, असे सांगितले. तेवढ्यात दारात गलका झाला. तिच्याच चार पोरांपैकी बेकझात मोठ्या हौसेने आबांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला होता. "आणले बघ," तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

कंपनीच्या माणसाने नकाशे दाखवले, नोकऱ्यांचे सांगितले. मग ओमुरझाकनी आबांना बोलायची विनंती केली. आबा काठीवर भार देऊन उठले.

"या कामातल्या एका पोराला मी दुआ दिली आहे," ते म्हणाले. "मला बोलायची सोय नाही. तुम्ही तुमचं बघा."

आणि ते खाली बसले.

तुम्ही तुमचे बघा असे आबा म्हणाले, पण गावाने ऐकले ते पहिले वाक्य. आबांनी दुआ दिलेल्या कामाविरुद्ध हात कोण उचलणार? कानिशाय पुढे जाऊन बोलली, चांगले बोलली, कागदाकडे न बघता बोलली. लोक बुटांकडे बघत राहिले. ज्या बायांनी तिला घरात बसवून मलई वाढली होती, आमचा हात तुझाच म्हणाल्या होत्या, त्याही डोक्याचे रुमाल सारखे करत बसल्या. तिला एकदम त्या सगळ्यांचा राग आला, मेदेरचा आला, स्वतःचा आला, आणि तो सगळा जाऊन पडला तो एका माणसावर.

"कोणाच्या दुआला भिताय?" ती ओरडली. "यांच्या दुआचं काय होतं ते जूमार्तला विचारा जाऊन."

बोलून गेली आणि तिचे तिलाच कळले. वीसहून अधिक वर्षे गावाने जे तोंडातून काढले नव्हते ते तिने भरसभेत काढले होते, आणि काढणारी त्यांची मुलगी होती. आबांनी मान वर केली नाही. टोपी काढली, त्या टोपीकडेच बघितले, पुन्हा घातली. मेदेर भिंतीला टेकून उभा होता, तो बाहेर निघून गेला.

विरोधात कोण, असे ओमुरझाकनी विचारले तेव्हा कानिशायचा हात वर गेला, तिच्याबरोबरच्या उरलेल्या तीन पोरांचे गेले, आणि मागच्या भिंतीशी आणखी एक गेला. मेदेरची आई साल्कीन. ती कोणाकडे बघत नव्हती. तिचा नवरा त्या डोंगरात होता आणि तिला तो डोंगर कोणी फोडायला नको होता, एवढेच. मग बाजूने कोण, असे विचारले, आणि बाकीचे हात एकेक करून, लाजत लाजत, वर आले. आबांचे दोन्ही हात काठीवर होते.

यंत्रे चढली. घरी बापलेकींत भांडण झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते. ती चहा ओतायची, ते घ्यायचे. मेंढीला कोकरू झाले, घोड्याचा नाल पडला, एवढेच बोलणे. सप्टेंबरात ओमुरझाकच्या मुलाचे लग्न झाले. नवरानवरी आबांपुढे येऊन हात उघडून उभी राहिली, आणि आबांनी मानेनेच नाही म्हटले. सगळा मांडव थबकला. शेवटी त्यांच्याहून लहान असलेल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्याने दुआ म्हटली. तिथून पुढे त्यांच्याकडे कोणी दुआ मागितली नाही. प्रवासाला निघालेली पोरे त्यांच्या फाटकावरून मान खाली घालून जात.

मेदेर वर होता, धडधाकट होता. कधीतरी जीप खाली आली की लांबूनच सलाम करायचा. आबा लांबूनच तो घेत आणि मग बराच वेळ खिंडीकडे बघत बसत.

पहिली थंडी पडायच्या सुमाराला मधला झरा आटला. बाकीचे दोन राखी रंगाचे वाहू लागले. पोरांचे कुंपण जसेच्या तसे उभे होते, खांब एकही हलला नव्हता. कानिशायने राजधानीत तक्रार धाडली होती. पर्यावरणाच्या आयोगाने समितीच्या तरुण सदस्याला म्हणणे मांडायला बोलावले. काही निघेल असे तिलाही फारसे वाटत नव्हते. तरी ती निघाली.

सकाळी गाडी रस्त्यावर थांबली. आबा फाटकाशी उभे होते. कधी उठले, कधी वर जाऊन आले कोण जाणे, बूट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. दोन्ही हातांत एक मोठी काचेची बाटली होती, राखी पाण्याने गच्च भरलेली. आयोगाला दाखवायला.

तिने ती घेतली, पिशवीशेजारी जमिनीवर ठेवली. मग तिने तळहात उघडून छातीसमोर धरले आणि डोळे मिटून उभी राहिली. काहीच ऐकू आले नाही तेव्हा तिने डोळे उघडले. आबांचे हात छातीपर्यंत आलेले होते आणि तिथेच थांबले होते.

"बाबा, त्या दिवशी मी बोलले ते..."

"खरं बोललीस."

"रागात बोलले हो. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"राग नाही गं माझा तुझ्यावर. राग असता तर दिली असती." त्यांनी खिंडीकडे बघितले. "जूमार्तला दिली, तो गेला. मेदेरला दिली, झरा गेला. आता घरात तू एकटी आहेस."

"द्या ना बाबा. काही होत नाही."

त्यांनी हात खाली घेतले आणि पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले, लहान पोराने काहीतरी लपवावे तसे.

"अशीच जा," ते म्हणाले. "अशीच जा आणि परत ये."

गाडीवाल्याने भोंगा वाजवला. तिचे हात अजून उघडेच होते, आणि ते चेहऱ्यावरून फिरवायचे की नाही हे तिला कळेना. तिने खाली वाकून बाटली उचलली आणि ती गाडीत जाऊन बसली. वळण येईपर्यंत आबा रस्त्यावर उभे होते, तोंडातून अवाक्षर न काढता, हात पाठीमागे धरून.